दस्तरखानावरच्या दुरुस्त्या

हिरवं असायचं ते बटण आज करडं होतं, आणि ते तुम्ही केलंत. न विचारता, न सांगता. सायकालने तरीही ते दाबून पाहिलं, एकदा, पुन्हा एकदा... प्रोग्रॅममध्ये बदल चढवायचे 'सामील करा' हे दोन शब्द मख्ख बसून राहिले. बाजूला तुमचा मेल, चार ओळी आणि शेवटी हसरा चेहरा. गेल्या बारा महिन्यांत तुमच्या नावावर एकही नोंद नाही, त्यामुळे तुमचं नाव निवृत्तांच्या यादीत हलवलं आहे, आजवरच्या कामाबद्दल आभार. निवृत्त! एकतीस वर्षांची बाई, दात सगळे शाबूत, आणि कुठल्याशा देशात बसलेलं तुमचं मंडळ आभार मानून तिला घरी पाठवतं.

राग आला की तिचं पोट जळायचं. हे तसं नव्हतं. हे छातीत होतं — घोडा अजून जागचा हललेला नसतो, पण त्याच्या अंगातली थरथर मांडीला आधीच कळते, तसं काहीतरी. आणि भरलेल्या मार्शरुत्कात, त्या बुटक्या बसमध्ये, छपराला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून उभ्याने जाताना ते कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं.

आम्ही सात जण होतो. पडद्यावरची अक्षरं आंधळ्यांना मोठ्याने वाचून दाखवणारा तुमचा प्रोग्रॅम चाळीस भाषा बोलायचा, किर्गिझ बोलायचा नाही. तेव्हा पाच वर्षांपूर्वी बिश्केकमध्ये सात माणसं जमली. कुणी बोलावलं नव्हतं, पगार नव्हता, साहेब नव्हता. ज्या दिवशी त्या यंत्राने पहिल्यांदा 'सलाम' म्हटलं त्या दिवशी सातही जण एकमेकांच्या पाठी बडवत नाचले होते... मग एक मॉस्कोला गेला, एक पोलंडला, एकीला जुळी झाली, दोघांचं एकमेकांशी बिनसलं — कशावरून ते आता त्यांनाही आठवत नसेल. उरले ओमुरबेक बायके आणि मी, सायकाल. बायके, म्हणजे थोरले भाऊ, बासष्ट वर्षांचे, जन्मभर कारखान्यात इंजिनियर.

बासष्ट वर्षांच्या माणसाची चूक प्रोग्रॅमच्या उघड्या पानावर, चाळीस भाषांच्या लोकांसमोर लिहायची कशी? ती लिहायची नसते, हे आईने तिला शिकवलं नव्हतं, शिकवावंच लागलं नव्हतं. म्हणून दर शनिवारी ती त्यांच्या घरी यायची, चहा पिता पिता म्हणायची, "बायके, इथे असं केलं तर?" बायके "हं" म्हणायचे आणि आपल्या हाताने, आपल्या नावाने ती दुरुस्ती चढवायचे. वर्षभर. निम्म्याहून जास्त दुरुस्त्या तिच्या डोक्यातल्या, तुमच्या दप्तरी सगळ्या त्यांच्या. आणि खरं सांगू — मला ते बरंच वाटायचं. मर्यादेत एक आराम असतो. नाव नसलं की नावाने चूकही कुणी काढत नाही.

आजच्या शनिवारीही ती पोचली तेव्हा ओमुरबेक बायके दारापासून सगळ्यांत लांबच्या, मानाच्या जागी बसले होते. शेजारी त्यांची मोठी बहीण, बुरुल एजे. जन्मांध. हा सगळा उद्योग सुरू झाला तो तिच्यासाठी.

"आलीस? बोरसोक आत्ताच तळलेत, गरम आहेत, घे," एजे म्हणाली. "आणि ऐक, या माझ्या भावाने काय करून ठेवलंय. तुमचा तो आवाज सुरू झाला की थांबतच नाही! मी बटण दाबते, गप म्हणते, तो आपलं वाक्य पुरं करतोच. सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं सुटले, तर ह्याने त्यांना कॉम्प्युटरात आणून बसवलं."

"बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये, एजे," बायके शांतपणे म्हणाले. "मुद्दाम केलंय तसं. कालच चढवलं."

"अरे, माणसाला तोडू नये! यंत्राला कसली आलीय अब्रू?"

आज संध्याकाळी नव्या आवृत्तीत बदल घेणं बंद होणार होतं. उद्यापासून प्रत्येक आंधळ्या किर्गिझाला प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकावं लागणार होतं; एक पत्र शोधायचं तर वीस पत्रं पुरी... सायकालने नेहमीसारखं सुरू केलं, "बायके, इथे असं केलं तर—"

"या वेळी नाही, सायकाल. ही रीतीची गोष्ट आहे."

संपलं. एक वर्ष चाललेली वाट इथे संपली. आठवड्यापूर्वी, बटण हिरवं असताना, तिने गुपचूप जुना कोड परत बसवला असता. आता जे म्हणायचं ते सगळ्यांसमोरच म्हणावं लागणार होतं.

"बायके, मला यादीतून काढलं. वर्षभर काही केलं नाही म्हणून."

त्यांचे कान लाल झाले. "कुणी? थांब, मी लिहितो त्यांना. ही पोर दर शनिवारी माझ्या घरी बसून—"

"नको."

तोंडातून निघून गेलं, त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत. एजे खदखदून हसली. "घे! तोडलं हिने तुला मध्येच. छत पडलं का रे डोक्यावर? मी तर तपासलं असतं, पण मला दिसत नाही."

जर्दाळूचा मुरंबा बाजूला सारून सायकालने दस्तरखानावरच, जेवणाच्या कापडावर, लॅपटॉप उघडला आणि बायकेंच्या बदलाखाली, जिथे कुणालाही मत मांडता येतं तिथे, स्वतःच्या नावाने लिहिलं: हा बदल घेऊ नये. बटण दाबताक्षणी आवाज थांबायलाच हवा, ऐकणारा त्याच्यावर अवलंबून असतो. ओमुरबेक बायके, माफ करा, हे चूक आहे.

पाठवलं. बायकेंच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी चष्मा शोधला, पुसला, लावला. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. भीती म्हणावी तर ओठांवर हसू येत होतं — आणि तिच्या ओळीखाली नारीन शहरातल्या कुणा अनोळख्याची ओळ उमटली. मी आंधळा आहे, या बाई बरोबर सांगताहेत, थोडा कोड मला येतो, कुठून सुरू करू? त्याच्याखाली ओशहून एकीची. मग तिसरी ओळ... आम्ही पुन्हा किती जण? बायके अजून वाचत होते, ओठ हलवत, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

घ्या, झाली माझ्या नावावर नोंद. पण मी नोंदीसाठी भांडत नाही. या कापडाभोवती बसून वर्षभर जे घडलं ते तुमच्या मोजणीत कुठे जातं? निवृत्तांच्या त्या यादीत अशा किती जणी आहेत, ज्या कुणाच्या तरी घरी चहा पिता पिता तुमचा प्रोग्रॅम चालता ठेवत होत्या? नाव खोडण्याआधी एकीला तरी विचारलंत? संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मला वेगळा मेल नको, हसरा चेहरा तर नकोच. इथे, याच उघड्या पानावर, सगळ्यांसमोर, उत्तर द्या.