बबिताच्या कानापुढचा आवाज

चकलांब्याच्या धनगरवस्तीवर त्या सकाळी मेंढरं कोंडलेलीच होती आणि माणसं आसारामच्या अंगणात दाटली होती. प्रत्येकाला बबिताच्या कानापुढं बोट लावून पाहायचं होतं. लावलेलं बोट मात्र चटका बसल्यासारखं मागं यायचं.

"कट् करतंय. आत कुणीतरी हाय," एक म्हातारी पुटपुटली.

बबिता आसारामची थोरली पोरगी, अठरा वर्षांची, माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीच्या अभ्यासापासून तिचं डोकं ठणकायचं, कान दुखायचा. भाकरी चावताना डोळ्यांत पाणी यायचं. एखाद्या सकाळी जबडा अडकून बसायचा. आ करताना हनुवटी डावीकडं वळायची, कट् आवाज व्हायचा आणि मग सरळ यायची. एवढ्यावर धर्मराजबाबाने निदान केलं : हाडळ.

"रातंदिस पोरीची हाडं चघळती," बाबा सांगत होता. "लपायची सोय न्हाई. मी इचारलं की कबूल होती. हाडळे, हाईस का आत? घे अंगारा."

बबिताने अंगाऱ्यासाठी तोंड उघडलं. कट्.

अंगण दोन पावलं मागं सरलं.

चुलीत विळा लाल होत होता. लंगड्या मेंढराच्या सांध्याला आसाराम स्वतः डाग देतो. मेंढरू आठवड्याने आपोआप चालू लागलं तरी त्याला वाटतं, डागानेच बरं झालं. म्हणून बाबाने पोरीच्या गालाला डाग सांगितला तेव्हा बापाला त्यात नवल वाटलं नाही.

बबिताने माझी बाही धरली. तिचे दात घट्ट आवळलेले होते. "गुरुजी, तोंड भाजतेत माझं."

एवढ्या माणसांना राग आला असता तर मी म्हातारा काय करणार? तरी बाबाला म्हणालो, "एकदा मी विचारू?"

"इचारा की. मास्तरलाबी उत्तर मिळंल."

चौथीतली धनश्री, बबिताची बहीण, दाराआड रडत होती. तिला बोलावून तिचं बोट बबिताच्या कानापुढं ठेवलं. "बबिता, तोंड मिटूनच ठेव. अंगारा घेऊ नको." मग मोठ्याने विचारलं, "हाडळे, आत आहेस का?"

तीनदा विचारलं.

"धनश्री, काय लागलं?"

"कायच न्हाई."

"आता बबिता, हळूच आ कर. मी काही विचारत नाही."

कट्.

"न इचारताच बोलली," धनश्री म्हणाली.

"मास्तरला भिली म्हणून गप होती," बाबा म्हणाला.

"त्यांना तर चौथीची पोरंबी भीत न्हाईत," मागून कुणीतरी बोललं. दोघं-तिघं हसले, पण आसारामने विळा उचललाच होता.

"गुरुजी, बाजूला व्हा. पोरगी हातची जाईल माझी."

"होतो बाजूला. आधी स्वतःच्या कानापुढं बोट ठेव आणि आ कर."

एका हातात विळा धरून त्याने आ केला. त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, माझ्यातबी हाय."

"बघा, उडी मारली. बापात शिरली," बाबा ओरडला.

"मग आता डाग कुणाला?" मी विचारलं.

आसारामने हातातला विळा खाली केला. धनश्री मात्र थांबली नाही. एकेकाला आ करायला लावत ती अंगणभर फिरली. आणखी पाच जणांत कट् सापडलं. शेवटी ती बाबासमोर उभी राहिली.

"बाबा, तुमीबी आ करा."

पहाटेपासून बडबडणाऱ्या बाबाने तोंड गच्च मिटलं.

आसारामने विळा बादलीत टाकला. चर्रर्र आवाज होऊन वाफ उठली, तशी बबिता दचकली.

"कानापुढं जबड्याचा सांधा असतो," मी सांगितलं. "त्यातली गादी सरकली की कट् होतं. बाबा विचारायचा आणि त्याच क्षणी अंगाऱ्यासाठी तोंड उघडायला लावायचा. एवढीच त्याची विद्या. दुखत नसेल तर त्या आवाजाला भ्यायचं कारण नाही. दुखलं, अडकलं, तर डॉक्टर."

बीडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बबिताला दात आवळायची सवय सोडायला, मऊ खायला आणि शेकायला सांगितलं. महिन्या-दीड महिन्यात ती भाकरी चावू लागली. कट् अजून होतं, पण आता ती भीत नाही.

आसाराम परवा म्हणाला, "मेंढराला सांगता येत न्हाई, गुरुजी. पोरगी तर सांगत होती, जबडा दुखतो म्हणून. आमीच तिचं सोडून बाबाचं ऐकलं."

वाचणाऱ्यांनो, दुखणं ज्याचं आहे त्याला आधी विचारा. आणि डाग द्यायला कुणी आलाच, तर पहिल्यांदा त्यालाच आ करायला सांगा.