मितवल्लीच्या यकृतातल्या भिंती

शहाता चौतीस वर्षं कैरोच्या एका प्रयोगशाळेत किड्यांची अंडी धूत होता, आणि गावाला वाटत होतं की तो डॉक्टर आहे. हा गैरसमज त्याने कधी दूर केला नाही. त्याच्या आईने तर तो खतपाणी घालून वाढवला. तिला मात्र गाव अजून उम्म मितवल्लीच म्हणायचं, मितवल्लीची आई. थोरल्याच्या नावाने हाक मारायची रीत. थोरला जाऊन छत्तीस वर्षं झाली म्हणून रीत बदलत नाही.

निवृत्त झाल्यावर तो ऐन दुपारी गावी आला. बसमध्ये त्याने ठरवलं होतं, आज आईला सांगून टाकायचं. पंच्याऐंशीची झाली, आता किती दिवस थांबणार? आई ओट्यावर मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती.

"आलास डॉक्टर? बस, खुडू लाग. अंडी धुवून तुझे हात मऊ पडलेत, पाला चुरगळायचा नाही."

तो बसला. समोरचा कालवा आता सिमेंटच्या पाइपात गेला होता, पण काठावरचं तुतीचं झाड होतं तसंच होतं. शहाताला भरून आलं. दुपारची म्हैस धुवायची वेळ. भाताच्या पेंढ्याने पाठ घासणारा मितवल्ली गळ्यापर्यंत पाण्यात, म्हैस डोळे मिटून, आणि सगळ्या कालव्यावर पोरांचा कालवा. एक दिवस मितवल्लीची पाळी, एक दिवस शहाताची. त्या दुपारींसारख्या दुपारी पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि त्याच दुपारींनी घात केला.

चौदाव्या वर्षी मितवल्लीला लाल लघवी होऊ लागली. बाप चहाच्या दुकानात जाऊन सांगून आला, पोरगा पुरुष झाला. घरी सरबत वाटलं. गावात प्रत्येक मुलाला हे व्हायचं, त्यामुळे ज्याला होत नसे त्याचीच काळजी वाटे. शहाताला होईना. पोरं त्याला 'शहाताबाई' म्हणू लागली. तेव्हा त्याला लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटत होती.

सव्विसाव्या वर्षी मितवल्लीचं पोट ढोलासारखं झालं. खळ्यावर रक्ताची उलटी झाली आणि तो गेला.

"एकच कालवा, एकच म्हैस, दोघं माझ्याच पोटची," आई म्हणाली. दर ईदला म्हणायची, तसंच. "मग त्याचंच पोट का फुगलं?"

दर ईदला शहाता म्हणायचा, अल्लाची मर्जी. आज तो म्हणाला, "यम्मा, कालव्याच्या पाण्यातून कातडीवाटे अंगात शिरतो तो किडा नाही मारत. त्याचं अंडं यकृतात अडकतं. त्यातून एक प्रथिन झिरपतं. ते झिरपलं की शरीर घाबरतं आणि अंड्याभोवती भिंत बांधतं. गाठच होते."

"भिंत बांधली तर चांगलंच की."

"एक असेल तर चांगलंच. हजारो झाल्या की रक्ताला वाट राहत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या इनायतबाईंनी काय केलं, साधे बारीक मणी घेतले, त्यांना ते प्रथिन चोपडलं आणि उंदराला टोचले. मणी बिचारा काय करणार? पण उंदराच्या अंगाने त्याच्याभोवतीही भिंत बांधली."

आई हसली. "म्हणजे अंगही फसतं."

"फसतं. मीही फसलो होतो. पहिल्याच दिवशी म्हटलं, अंडी जरा स्वच्छ धुवावीत, म्हणून गोड्या पाण्यात धुतली. दुपारपर्यंत सगळी फुटली आणि पिल्लं पोहत सुटली. ती मिठाच्या पाण्यातच धुवायची असतात. बाई म्हणाल्या, शहाता, तू त्यांना नाईल दाखवलीस, मग ती घरात बसतील कशाला?"

आई बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या अंगाने कमी भिंती बांधल्या तर. मितवल्ली कामाला वाघ होता. अंगसुद्धा तसलंच."

सुटका समोर उभी होती. आईचं समाधान झालं होतं, शास्त्रही खोटं नव्हतं. सारख्याच अंड्यांना दोन शरीरं वेगवेगळं उत्तर देतात हे त्याने काचेखाली शेकडो वेळा पाहिलं होतं. गप्प बसला असता तर चाललं असतं. पण गळ्याशी आलेलं आता मागे जाईना.

"यम्मा, अंडीच माझ्यात कमी होती. मला जळवांची भीती वाटायची. माझी पाळी आली की मी तुतीवर चढून बसायचो. मितवल्ली म्हणायचा, बस वर शहाताबाई, आणि माझ्या वाटणीचाही तोच उतरायचा. सहा वर्षं. मी कुणाला सांगितलं नाही."

आईचे हात थांबले नाहीत. तिने एक देठ खुडला, दुसरा खुडला.

"तुझ्या पाळीच्या दिवशीही तुझा सदरा कोरडा असायचा," ती म्हणाली.

शहाताने हातातलं पान चुकून देठांच्या ढिगात टाकलं.

"तुझा बाप शेतावरून आला की ज्याची पाळी त्याचा सदरा चाचपायचा. कोरडा लागला असता तर तुला सोलून काढला असता. म्हणून तो यायच्या आधी मी तुझा सदरा माठातल्या पाण्याने भिजवायचे. एक दिवसाआड. सहा वर्षं. तुला वाटायचं, बाप विसरतो." तिने ओल्या हिरव्या हाताने त्याचं मनगट धरलं. "त्याचंच पोट का फुगलं, हे इतकी वर्षं मी तुला नव्हते विचारत, कळलं आता?"