ट्रम्पेटवाल्याचे चार दात

माझ्या भाचीला मी 'प्रश्नपत्रिका' म्हणते. सतरा वर्षांची आहे आणि तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर पडतो. मी खोटे दात बनवते, गेली एकतीस वर्षं. दवाखान्यातून डबीत तोंडाचा प्लास्टरचा साचा येतो, मी त्यावर दात बसवते, डबी परत जाते. ज्याचं तोंड, त्याच्याशी माझा संबंध येत नाही आणि मला ते बरंच वाटायचं.

दोन आठवड्यांसाठी ताईने तिला माझ्याकडे धाडलं होतं. पोरीला हेच काम रीतसर शिकायचं होतं आणि प्रवेशाच्या अर्जावर एक रकाना होता: 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलेले व रुग्णाने स्वीकारलेले एक काम'. खाली माझी सही. मुदत दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ती हुकली तर ताई तिला स्वतःच्याच ऑफिसात फायली लावायला बसवणार होती, तसं ठरूनच गेलं होतं.

"मावशी, सही करशील ना?"

"काम केलंस तर. मी दात खोटे बनवते, सह्या नाही."

पहिल्या आठवड्यात तिने दोन साचे फोडले आणि एकदा मेण जाळलं. मग मी तिला हत्यारं पुसायला बसवलं.

मंगळवारी ट्रम्पेटवाल्यांची डबी परत आली, तीही दुसऱ्यांदा. बँडमध्ये वाजवणारा साठीचा माणूस, जिन्यावरून पडून वरचे पुढचे चार दात गेलेले. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'दिसतात सुरेख. जेवता येतं. वाजवता येत नाही.' माझं डोकंच फिरलं. पट्टी लावून बघा म्हणावं, केसभर इकडेतिकडे नाहीत.

"त्यांचे स्वतःचे दात कसे होते?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

"मला काय माहीत?"

"तू विचारलं नाहीस?"

"आपण विचारत नाही. आपल्याकडे साचा येतो."

"मग मी विचारू?"

"विचार. आणि दातही तूच कर. घे, हे तुझं काम." खरं सांगते, रागाने म्हटलं. मला त्या डबीपासून हात झटकायचे होते.

तिने दवाखान्यात फोन लावला आणि बुधवारी सकाळी ते ट्रम्पेटवाले काका माझ्या स्टुलावर हजर, मांडीवर वाद्याची काळी पेटी घेऊन. एकतीस वर्षांत माझ्या खोलीत पहिल्यांदाच साच्याऐवजी अख्खा माणूस बसला होता.

तिने जुना फोटो मागितला. काका जरा घुटमळले, मग पाकिटातून एक काढला. बँडच्या गणवेशातला हसरा तरुण, आणि पुढचा डावा दात शेजारच्याला ढकलून बाहेर आलेला.

"शाळेत मला वाकड्याच म्हणायचे," काका म्हणाले. "डॉक्टरीणबाई सरळ दात देते म्हणाल्या, तेव्हा आनंदच झाला. वाकडे द्या असं कोण मागेल?"

मला फार लाज वाटली. चाळीस वर्षं हा माणूस त्या वाकड्या दातावर ओठ टेकवून वाजवत होता, आणि मी तो दोनदा सरळ करून दिला होता.

कोपऱ्यात दात छापायचं मशीन होतं. विक्रेत्याच्या गोड बोलण्याला भुलून दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, आणि तेव्हापासून चादर पांघरून वर रेडिओ ठेवलेला. पोरीने रेडिओ उचलला, चादर काढली. मशीनसोबतचं पुस्तक चाळत साच्याचं चित्र पडद्यावर घेतलं, दात वाकडा केला आणि दुपारी चाचणीचे चार दात छापून हातात. काकांनी ते बसवले, ट्रम्पेट ओठाला लावला. फुस्स.

आता ही रडणार, असं मला वाटलं. मी ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे शिकले, तो प्रत्येक चुकीला बोटांवर पट्टी मारायचा. तेव्हापासून मी जे हमखास जमतं तेवढंच करत आले. या पोरीने पेन्सिल घेतली. "काका, हवा कुठून निसटते? ओठाला कुठे टोचतं?" सगळं लिहून घेतलं आणि पुन्हा मशीनपाशी गेली. संध्याकाळी दुसरे दात आले. सूर निघाला, पण सर्दी झाल्यासारखा. काकांनाही आता मजा यायला लागली होती.

"मावशी, अजून किती वळवू?"

हे मात्र मला माहीत होतं. "नखाच्या जाडीइतका. आणि टोकाशी वळव, मुळाशी नको, नाहीतर वरचा ओठ उचलला जाईल."

गुरुवारी सकाळी तिसरे दात. काकांनी श्वास घेतला आणि वाजवलं. एकच सूर, लांबलचक, स्वच्छ. फळीवरच्या काचेच्या बरण्या थरथरल्या, समोरचा शिंपी कात्रीसकट दारात आला. मग काका उठले आणि त्यांनी अख्खी धून उभ्यानेच वाजवली. मी ढसाढसा रडले, लपवायचं कशाला. पोरगी नुसती हसत होती.

त्याच मापाचे पक्के दात तिने शुक्रवारी दुपारपर्यंत केले. मी हात मागे बांधून उभी होते, आणि ते तसे ठेवणं मला जड गेलं. दवाखान्यात दात बसले, काकांनी तिथेच पुन्हा वाजवलं आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'स्वीकारले' लिहून दिलं. साडेचार वाजले होते.

रकान्यात मी लिहिलं: 'ट्रम्पेट वाजवणाऱ्या गृहस्थांचे वरचे चार दात. मी दोनदा चुकले, कारण विचारलं नाही. हिने विचारलं.' खाली सही ठोकली.

"मावशी, 'मी चुकले' हे खोडू या का? ते लोक तुला काय म्हणतील?"

"हात लावशील तर बघ. मी सह्या खोट्या करत नाही. पळ आता."

ती दारापर्यंत गेली. मी चादरीची घडी घालून कपाटात टाकली आणि मागून हाक मारली, "सोमवारी ये. हे मशीन मला शिकव."

"आणि चुकलीस तर?"

"चुकेन की," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा जमेल."