झुंबरबाईंना डाळ करपवता येईना

शिंदखेडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात झुंबरबाईंच्या हातची उडदाची डाळ नावाजलेली होती. लग्न असो की बारसं, डाळीचं पातेलं त्यांच्याच ताब्यात. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून काही बुडाला लागलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांची धाकटी जाऊ धुरपदाबाई शेजारच्याच घरात राहायची. तिच्या स्वयंपाकाविषयी गावात कुणी फारसं बोलत नसे. धूर दिसायचा, तेवढ्यावरून कळायचं.

झुंबरबाईंचे यजमान हेमराजभाऊ शेतात पाइपलाइनसाठी चर खणत होते, तेव्हा मातीतून एक मडकं निघालं. गळा फुटलेला, पोट शाबूत, आणि आत काळाकुट्ट जाड थर. भाऊंनी ते घरी आणलं. झुंबरबाईंना ती घाण बघवेना. त्यांनी राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि अंगणात बसून घासायला सुरुवात केली.

नदीकाठच्या जुन्या वस्त्यांचा अभ्यास करणारी एक तुकडी तेव्हा गावात उतरली होती. तिच्यातली कामिनी, जळगावच्या पिंप्राळ्यातली पोरगी, मडक्याची बातमी ऐकून पळतच आली. आल्या आल्या तिने झुंबरबाईंचा हात धरला. एवढ्या मोठ्या बाईचा हात गावात कुणी असा धरला नव्हता. त्या थक्कच झाल्या. एक बोटभर पट्टा उजळला होता. बाकीचा थर वाचला.

प्रयोगशाळेतून निकाल आला तो असा, की मडक्यातलं अन्न तीन हजार वर्षांहून जुनं आहे. कुणाची तरी डाळ करपली होती आणि करपली म्हणूनच ती टिकली होती. फक्त ती उडदाची की कुळथाची, हे ठरत नव्हतं. कामिनीने समजावून सांगितलं की जळताना धान्यातले पिठाचे कण फुगतात, फुटतात, आणि प्रत्येक धान्याची तऱ्हा निराळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघायला आजची डाळ हवी होती. मातीच्या मडक्यात, चुलीवर, मुद्दाम करपवलेली. आणि मिरची न घालता, कारण त्या काळी मिरची आपल्याकडे आलेलीच नव्हती.

मिरचीचं ऐकून झुंबरबाईंना त्या लोकांची कीव आली. अशा जेवणावर माणसं शेतात राबत कशी, असं त्यांनी विचारलं. पण काम त्यांनी घेतलं. गावात डाळ शिजायची आणि ती दुसऱ्या कुणी शिजवायची, हे त्यांना मान्य नव्हतं.

अंगणात चूल मांडली. बघायला अर्धी गल्ली जमली. डाळ शिजली, आळली, बुडाला लागणार एवढ्यात झुंबरबाईंनी मडक्यात डाव फिरवला. कामिनीने डाव काढून घेतला. बाईंनी नकळत एक लाकूड मागे ओढलं. कामिनीने ते पुन्हा आत सारलं, तर बाईंनी तांब्याभर पाणी ओतलं. मग त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मन्हा हात ऐकत नही, माय."

दुसऱ्या खेपेला त्यांना घरात बसवून दार ओढून घेतलं. जरासा वास येताच त्या बाहेर धावल्या आणि मडकं उतरवून मोकळ्या झाल्या. डाळ इतकी सुरेख झाली होती की सगळ्यांनी भाकरी आणून तिथेच खाल्ली. कामिनीनेही दोनदा वाढून घेतली आणि मडकं पुसून रिकामं झाल्यावर तिने कपाळाला हात लावला.

धुरपदाबाईचे यजमान लोटनभाऊ कुंपणाला टेकून हे सगळं बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "मन्ही बाईले सांगा ना. तिले मुद्दाम करनं पडत नही."

धुरपदाबाई आधी येईचना. चारचौघांत थट्टा होणार असं तिला वाटलं. कामिनीने पुन्हा पुन्हा विनवलं तेव्हा ती आली, डाळ चढवली, आणि धुळ्याला दिलेल्या लेकीची खुशाली सांगायला शेजारणीकडे गेली. ती परतली तेव्हा मडक्यात कोळसा झाला होता. ती ओशाळून माफी मागू लागली, तर कामिनी तिच्या गळ्यात पडली आणि कुळथाचीही अशीच करून द्या म्हणाली. धुरपदाबाईने तीही करून दिली. झुंबरबाई मात्र आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या.

पुढे कामिनी स्वतः निकाल सांगायला आली. डाळ उडदाचीच निघाली. शिवाय थराचा पातळ काप काढून पाहिला, तर एकावर एक पापुद्रे दिसले होते. म्हणजे त्या मडक्यात एकदा नव्हे, वरचेवर करपत होतं. धुरपदाबाईने कामिनीच्या मोबाइलवर त्या कापाचा फोटो बराच वेळ पाहिला. हे फक्त आपल्याच हातून होतं, असं तिला लग्न झाल्यापासून वाटत आलं होतं.

झुंबरबाईंनी गंभीरपणे विचारलं, की त्या जुन्या काळच्या बाईचा नवरा काय म्हणत असेल. ते कळायला काही मार्ग नाही, असं कामिनीने कबूल केलं.

"खाई लिधं व्हई बिचारानं," लोटनभाऊ म्हणाले. "दुसरं काय करी?"

यावर सगळ्यांत आधी धुरपदाबाई हसली, आणि मग तिला हसू आवरेना.

आता ते जुनं मडकं कामिनीच्या संस्थेने जळगावात मांडून ठेवलं आहे, आणि त्याच्याशेजारी, त्याच काचेत, धुरपदाबाईने करपवलेलं. दोघी जावा बसने बघायला गेल्या. धुरपदाबाई चष्मा घरीच विसरली होती, तेव्हा पाटीवरचा मजकूर झुंबरबाईंनीच मोठ्याने वाचून दाखवला. जावेचं नावही गाळलं नाही.

"नाव मोठं लिखेल शे," त्या म्हणाल्या, आणि जावेचा हात धरून तिला दुसऱ्या दालनाकडे घेऊन गेल्या.