बशीतल्या पेशी आणि पोटातलं बाळ

"गोळी घेतलीस का गं?" अत्तय्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"घेतली, अत्तय्या," म्हणत प्रसूनानं थायरॉइडची गोळी बेसिनमध्ये टाकली आणि नळ सोडला.

प्रसूनाचा डावा डोळा काचेचा. ती रांगत असतानाच डोळ्याच्या पडद्यावर कर्करोगाची गाठ झाली आणि डोळा काढावा लागला. दोष रक्तातला, पोटातल्या बाळाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. एवढी शिकलेली बाई, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याच गाठीच्या पेशी वाढवणारी. तिनं डॉक्टरांना विचारायला नको? पण भीतीनं एकदा घर केलं की शहाणपण उंबऱ्याबाहेरच राहतं. भिंगाखाली ती रोज पाहायची: थायरॉइडचं हार्मोन घातलेल्या बशीत गाठीच्या पेशी फोफावत, हार्मोन काढलं की मलूल पडत. पेशीच्या आतला रिसेप्टर त्या हार्मोनचा निरोप झेलतो आणि पेशी वाढीला लागते. म्हणजे रोज सकाळी आपण बाळाच्या गाठीलाच खाऊ घालतोय, असं तिनं मनाशी घेतलं. तिसऱ्या महिन्यापासून गोळ्या बेसिनमध्ये जात होत्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख हैमवती मॅडम त्या दिवशी तिच्या टेबलाशी येऊन थांबल्या. "सगळा जीव गाठीतच अडकलाय तुझा. निरोगी पडद्याच्या बशा कुणी बघायच्या, माझ्या माहेरच्यांनी?"

प्रसूनानं त्यांतली बिनहार्मोनची बशी भिंगाखाली सरकवली. उंदराच्या पिल्लाच्या पडद्यातल्या कोवळ्या पेशी होत्या तशाच कच्च्या राहिल्या होत्या. रंग ओळखणाऱ्या पेशी नीट घडल्याच नव्हत्या.

"या अशा का राहिल्या?" तिनं विचारलं.

"उपाशी ठेवल्यास म्हणून. हार्मोन काय गाठीचाच खाऊ वाटला तुला? पडदा त्यावरच घडतो, मेंदूही. गाठ चोर आहे, घरातलंच खाते. म्हणून कुणी घरची चूल विझवतं का?"

ती स्टुलावर बसली.

"मॅडम, मी माझ्या गोळ्या बंद केल्यात."

मॅडमनी तिच्या पोटाकडे पाहिलं. "कधीपासून?"

"तिसऱ्यापासून."

"आता कितवा?"

"सहावा."

मॅडमनी हातमोजे काढले, पर्स घेतली आणि म्हणाल्या, "ऊठ."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, गोळी तिथंच गिळायला लावली. रागावल्या नाहीत, त्यानं प्रसूना जास्तच घाबरली.

"बाळाच्या मेंदूला काही झालं असेल का?"

"आज सांगता येणार नाही, अम्मा. जन्मल्यावर कळेल."

"आणि डोळे?"

"तेही जन्मल्यावर."

रक्तातल्या दोषाला ती घाबरायची, पण त्याचं पाप तरी तिच्या माथी नव्हतं. हे तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं. दोन्ही हात पोटावर धरून ती बसून राहिली, आणि देवाकडे आधी काय मागावं, बाळाचे डोळे की मेंदू, हेच तिला कळेना.