पुरुष वॉर्डातलं एकच स्टूल

मी लोखंडी स्टूल बोलतोय. एकोणीसशे त्र्याण्णव सालच्या मार्चात, ऊन तापायला लागलं तेव्हा, मला सरकारी दवाखान्याच्या पुरुष वॉर्डात आणलं. आम्ही बारा होतो. आता मी एकटा उरलोय. साहेबांच्या खोल्यांत बसायला कमी पडलं की वॉर्डातलंच उचलून नेतात.

तीसहून जास्त वर्षं मी माणसं पाहतोय. डॉक्टर राउंडला आला की माझ्यावर टेकतो. रोग्याचा पुतण्या बसून पेपर वाचतो. बसत नाही ती फक्त सिस्टर. कागदोपत्री मी तिच्यासाठीच आलोय. पण वरिष्ठ समोर असले की सिस्टरनं उभं राहायचं, अशी इथली रीत. वरिष्ठ नसले की चाळीस खाटा तिला बसू देत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझा एक पाय निखळला. मला मागच्या अंगणात भंगारावर फेकलं. एक सिस्टर ड्युटी संपवून आली, मला काखेत मारून लिफ्टच्या मिस्त्रीकडे घेऊन गेली.

"सिस्टर, नवं मागा की," तो म्हणाला.

"नवं मागितलं तर नवं येणार नाही, आणि हेही जाईल. वेल्डिंग कर, पक्कं."

तिचं ते ऋण माझ्या पायात आहे.

यंदा त्याच सिस्टरला सातवा महिना लागला. पाय सुजून चपलेत मावेनात. डॉक्टरनं चिठ्ठी दिली: बसून करायचं काम द्या, नाहीतर बाळाला धोका आहे. मेट्रनबाईंनी ती दोनदा वाचली.

"कळतंय गं मला. पण पाच जणींचं काम तुम्ही दोघी करताय. तुला हलवलं तर वॉर्ड कोण बघणार?"

चिठ्ठी फाइलीत गेली. बाई खोटं बोलत नव्हत्या. राग येतो तो त्याचाच.

परवा वरून एक साहेब आले. परिचारिका कामावर समाधानी आहेत का, याची पाहणी करायला. आले ते थेट माझ्यावर बसले. सिस्टर औषधांच्या टेबलाला धरून उभी. तिच्या जोडीदारणीला दुसऱ्या वॉर्डात पाठवलेलं.

"समाधानी आहात? होय की नाही, एवढंच सांगा."

"साहेब, सकाळपासून पाणी प्यायला वेळ नाही मिळाला."

"त्याला रकाना नाही. पगार वेळेवर होतो?"

"होतो. हाताखाली माणसं नाहीत."

"वरिष्ठांकडून सन्मानाची वागणूक?"

तिचे ओठ पांढरे पडले होते. टेबलावरचा हात सुटायला लागला.

फरशी पुसणाऱ्या मावशीनं फडकं टाकलं.

"ओ साहेब, उठा आधी! पोटुशी बाई उभी, आणि तुम्ही बसून तिला सुख विचारताय?"

"मावशी, गप्प बस गं," सिस्टर पुटपुटली.

"का गप्प बसू? काय करतील, माझ्या हातातलं फडकं काढून घेतील?"

खाटांवरचे सगळे साहेबांकडे बघत होते. साहेब उठले. मावशीनं मला ओढून सिस्टरच्या मागे सरकवलं.

ती बसली. दोन जिवांचा भार एकदम आला. जोडलेला पाय करकरला.

मी तो वाकू दिला नाही.