माझ्या पोटातली नीळ

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. टाकी म्हटल्यावर तुम्ही लगेच गच्चीकडे बघाल, म्हणून आधीच सांगते, तेवढी माझी ऐपत नाही. मोटारीचं बॉनेट उघडलं की एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, पांढरट प्लॅस्टिकची, वेड्यावाकड्या आकाराची जी वस्तू दिसते, ती मी. चालवणाऱ्याने स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की माझ्या तळाशी असलेली छोटी मोटर गुरगुरते, माझ्या पोटातलं पाणी नळीतून वर चढतं आणि समोरच्या काचेवर दोन कारंजी उडतात. मग वायपर येतात, काच पुसतात आणि सगळं श्रेय घेऊन जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती मी आज पोटभर करणार आहे.

कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी अगदी नितळ होते. एका बाईने मला पाण्याने भरलं, उलटंपालटं केलं, कुठे गळत नाही ना ते पाहिलं आणि माझ्या तोंडावर निळं झाकण बसवलं. त्या झाकणावर काचेचं आणि तुषारांचं चित्र आहे. वाचता न येणाऱ्यालाही कळावं की इथे काच धुण्याचं पाणी घालायचं, दुसरं काही नाही. पण चित्र दिसायला झाकणाकडे बघावं लागतं ना? घडवणाऱ्याने मला हात दिले नाहीत, पाय दिले नाहीत. तोंड तेवढं दिलं, तेही आभाळाकडे. कोणीही यावं आणि काहीही ओतावं.

आमची गाडी गेली ती एका लाँड्रीवाल्यांच्या घरी. मालकांची धुलाई गावभर नावाजलेली. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले असं सगळं त्यांच्याकडे यायचं आणि रोज सकाळी गाठोडी बांधून आमच्या गाडीतून परत जायचं. नुसता डाग पाहून तो कशाचा ते मालक सांगत. माणूस सज्जन, कष्टाळू, देवाचं नाव घेतल्याशिवाय गाडीत पाय न ठेवणारा. खोड एकच. धुण्याच्या बाबतीत त्यांना कोणी काही सांगायचं नाही.

गाडीबरोबर आलेलं पाणी संपलं तेव्हा मालक सुट्या भागांच्या दुकानात गेले, तिथली निळ्या पाण्याची बाटली उजेडात धरून हसले आणि रिकाम्या हाताने परत आले. हे तर नीळ घातलेलं साबणाचं पाणी आहे, असं त्यांनी घरी येऊन काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगितलं. आपल्याकडे याची पिंपं भरलेली असताना बाटली कशाला? मग त्यांनी माझ्यात नळाचं पाणी भरलं, कपड्यांचा साबण ओतला, वरून नीळ घातली आणि शेवटी, मित्रांनो, सांगतानासुद्धा माझं अंग चिकट होतं, वाटीभर खळ घातली. होय, कपडे कडक करायची खळ. काचेला तजेला यावा म्हणून.

काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. "आता एवढं केलंच आहे," त्या म्हणाल्या, "तर काचेवरून इस्त्रीही फिरवून घ्या."

मालकांना वाटलं, बायकोने कौतुक केलं.

पुढचं काय सांगू? साबणाचा फेस काचेवर वाळायचा आणि त्याचे ओघळ राहायचे. नळाच्या पाण्यातला क्षार नळीत बसला. खळ माझ्या तळाशी साचली आणि एक कारंजं कायमचं बंद पडलं. दुसरं इतकं तिरकं झालं की गाडीच्या टपावरून मागे उडायचं. एकदा सायकलवरून येणाऱ्या पोस्टमनच्या सदऱ्यावर निळे ठिपके पडले. तो सदरा धुवायला आला आमच्याच लाँड्रीत. मालकांनी ठिपके निरखले आणि सांगितलं, की ही हलक्या शाईची करामत आहे, पेन बदला.

पण हसण्यावारी न्यावी अशी गोष्ट नव्हती, कारण सगळं शेकत होतं थोरलीवर. थोरली म्हणजे मालकांची मोठी मुलगी. मालकांची कंबर धरू लागली होती. सकाळची इस्पितळाची फेरी आपण करावी, अशी तिची फार इच्छा होती. गाडी ती नीट चालवायची. पण उन्हाच्या समोर गाडी आली की काचेवरचे ओघळ असे चकाकायचे की पुढचं काही दिसू नये. मग ती गाडी बाजूला घ्यायची आणि सांगायची, बाबा, काच धूसर आहे. मालक म्हणायचे, काच मी धुतलेली आहे, तुझे डोळे तपास. खरंच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. मालक म्हणाले, मग धीर नसेल, आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. त्या दिवशी थोरली गाठोड्यांमध्ये बसून रडली. मी काय करणार? दोष माझ्या पोटात होता आणि दोषी ठरली होती पोरीची नजर. मला तोंड असून बोलता येत नाही, याचा इतका वैताग मला आधी कधी आला नव्हता.

मग ती थंडीची सकाळ उजाडली. गवतावर दव गोठलं होतं. मीही गोठलेच होते, इंजिनाच्या उबेने जेमतेम विरघळले. मालक चालवत होते, थोरली शेजारी. पुलाच्या अलीकडे पुढच्या ट्रकने चिखल उडवला आणि मालकांनी दांडी ओढली. नेमकं तेव्हा माझं तिरकं कारंजं सरळ झालं. बर्फासारख्या काचेवर साबण, खळ आणि पाणी पडलं आणि पडल्या जागी गोठलं. वायपरनी ते सगळीकडे सारवलं. समोर चादर वाळत घातल्यासारखी पांढरी भिंत, आणि गाडी चालूच.

थोरलीने खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. ती ओरडली नाही.

"बाबा, पाय काढा. डावीकडे घ्या. अजून थोडं. आता सरळ धरा. हळूहळू ब्रेक. थांबा."

गाडी थांबली तेव्हा पुलाचा कठडा हातभर दूर होता. मालक उतरले. त्यांनी काचेवरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि बोटांत चोळला.

"खळ आहे," ते म्हणाले. आणि मग, तिच्याकडे न बघता, "तुझी नजर चांगली आहे."

"डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, बाबा."

मालकांनी गाडीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

त्या दुपारी त्यांनी मला गाडीतून सोडवून घेतलं आणि एखादी ठेवणीतली चादर धुवावी तसं कोमट पाण्यात खळबळून काढलं. कारंज्यांची भोकं सुईने मोकळी केली. दुकानात या वेळी थोरली गेली. तिने बाटलीवरचं सगळं वाचलं. थंडीसाठी न गोठणारं निराळं आणि उन्हाळ्यात काचेवर चिकटलेले किडे काढणारं निराळं. काही तयार असतं, काहीत पाणी मिसळावं लागतं, आणि तेही क्षार नसलेलं. पोटात गेलं तर विष, म्हणून बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. इंजिन थंड ठेवणारं पाणी वेगळं, त्याचं झाकण वेगळं, तिथलं इथे आणि इथलं तिथे घालायचं नाही. सांगा, यात अवघड काय होतं?

दुसऱ्या दिवशी गाठोडी घेऊन थोरली एकटी निघाली. समोर ऊन होतं. तिने दांडी ओढली, दोन सरळ कारंजी उडाली, वायपर एकदा जाऊन आले आणि काच जणू नाहीशी झाली. उरला तो रस्ता, आणि त्यावरून हात धरून पलीकडे जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी. थोरलीने गाडी थांबवली. त्यांना जाऊ दिलं.

मित्रांनो, मला वायपरचा मान नको, हार नको, आरती नको. दुसऱ्याला नीट दिसावं म्हणून झिजायचं, हीच माझी भक्ती. फक्त घरातल्या गाडीचं बॉनेट कधी उघडलं, तर मोठ्या माणसांना माझं झाकण दाखवा. मी रिकामी असले तर भरायला सांगा. आणि ओतण्याआधी हातातल्या बाटलीवर काय लिहिलं आहे ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण त्यांना वाटतं, त्यांना माहीत आहे.